ब्रेकवरचा पाय

माझ्या ताईला गाडी चालवता येत नाही. एकदा शिकायला बसली होती, तर पहिल्याच वळणावर दाजींनी एवढा आरडाओरडा केला की तिने किल्ली त्यांच्या हातात दिली ती कायमची. पण त्यांच्या घरात आलेल्या प्रत्येक गाडीचा ब्रेक तिच्या पायाला जितका ठाऊक आहे, तितका खुद्द दाजींनाही नाही. बहीण म्हणून म्हणत नाही, खरं तेच सांगतेय.

त्याला कारण दाजींचा हट्ट. कारखान्यात फोरमन होते. गॅरेजवाल्याचा हात लागला की चांगली गाडी बिघडते, हे त्यांचं ठाम मत. ब्रेक ऑइलसुद्धा स्वतःच बदलणार. आपण ऑइल म्हणतो, पण ते तेल नव्हेच, हे त्यांनी मला भर जेवणात कितीदा ऐकवलंय. ते हवेतली ओल पितं, जुनं झालं की काळपट होतं, आणि लांब उतारावर ब्रेक तापले की त्यातल्या पाण्याची वाफ होते. मग आपण पेडल दाबावं आणि गाडीने ऐकू नये. माणूस चुकीचं बोलत नव्हता हो. दुसऱ्याचं ऐकत नव्हता, एवढंच.

हे काम एकट्याचं नाही. दाजी चाकापाशी जमिनीवर आडवे, हातात पाना. चाकामागच्या बारीक बोल्टला पारदर्शक नळी लावलेली, तिचं टोक बाटलीत. ताई ड्रायव्हरच्या सीटवर. ते खालून ओरडणार, "दाब! धर!" ती धरणार. मग ते बोल्ट सैल करणार, जुनं ऑइल नळीतून वाहणार, पेडल तळाला जाणार. बोल्ट आवळला की "सोड!" चारही चाकं होईपर्यंत हेच. या नवराबायकोचं सगळ्यात लांब संभाषण हेच असावं, असं मी ताईला चिडवायची.

त्यांची सात सीटची मोठी गाडी मात्र यातून राहून गेली होती. आधी दाजींची कंबर धरली, मग डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि पाच-सहा वर्षं ऑइल बदललंच गेलं नाही. लेक-जावई नातवंडांना घेऊन आले, मीही गेले होते, सगळ्यांनी मिळून डोंगरापलीकडे जायचं ठरलं, तेव्हा कुठे त्यांना आठवण झाली. निघायच्या दोन दिवस आधी काम काढलं. नळीतून आलं ते काळंकुट्ट. नवं भरल्यावर दाजी खूश.

घात तिथेच झाला होता. पुढे गॅरेजवाल्याने सांगितलं ते असं: रोज चालवताना पेडल अर्ध्यावरच थांबतं. ऑइल बदलताना ते पार तळाला जातं, आणि जुन्या गाडीत आतलं रबर एरवी जिथे पोचत नाही त्या गंजलेल्या भागावर घासून फाटतं. बाहेर एक थेंब दिसत नाही. आतल्या आत जोर गळत राहतो.

त्या दिवशी काम संपल्यावर ताई गाडीतून उतरली ती कपाळाला आठ्या घालूनच.

"अहो, धरून ठेवलं की हे खाली जातंय."

"बोल्ट सैल असताना जाणारच."

"आवळल्यावर म्हणतेय मी. हळूहळू जातंय."

दाजी आत बसले आणि पेडलवर धाडधाड चार लाथा हाणल्या. "दगड आहे दगड! तुझे गुडघे गेलेत, ब्रेक नाही गेला."

जावई हसले. मी मध्ये पडायला गेले, तर दाजी म्हणाले, "मेहुणीबाई, स्टेपनी कुठे असते ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला?" पालथ्या घड्यावर पाणी. अस्सा राग आला मला!

त्या दिवसापासून ताई नीट जेवली नाही. स्वयंपाकघरात मला म्हणाली, "दाबलं न् सोडलं तर काही कळत नाही गं. हे धरून बघतच नाहीत. घाटात धरूनच ठेवावं लागतं ना?"

"लागतं."

"पोरं मागे बसणार आहेत." एवढं बोलून ती ओटा पुसायला लागली. पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत होती.

निघायच्या सकाळी बॅगा चढल्या. नातू-नात मागच्या सीटवर पट्टे लावून बसली. दाजी किल्ली घेऊन आले, तर ड्रायव्हरच्या जागी ताई.

"उतर."

"नाही."

हा शब्द तिच्या तोंडून त्यांच्यासमोर मी पहिल्यांदा ऐकला.

"आता गाडी तू चालवणार का?"

"चालवता नाही येत मला. इकडे या. माझ्या पायाकडे बघा."

तिने पेडल दाबलं. ते घट्ट राहिलं. दाजींनी बोलायला तोंड उघडलं, तशी ती म्हणाली, "थांबा." आम्ही सगळे दाराशी वाकून उभे. मागून नात विचारत होती, "आजी, निघायचं ना?" पाय खाली चालला होता. जाताना दिसत नव्हता, गेलेला तेवढा दिसत होता. शेवटी खालच्या पायपुसण्याला टेकला.

"परत," दाजी म्हणाले.

तिने सोडलं, पुन्हा दाबलं, धरलं. पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा "दाब" म्हणाले नाहीत. वळसा घालून मागच्या दाराशी गेले आणि नातवाचा पट्टा सोडवायला लागले. बोटांना बटणच सापडेना. शेवटी लेकीने त्यांना बाजूला करून मुलांना उतरवलं.

ताई तशीच बसून होती. पाय पेडलवरून निघत नव्हता. दाजी दारापाशी खाली जमिनीवर बसले, तिचा पाय दोन्ही हातांनी उचलून बाहेर घेतला आणि तसाच धरून राहिले.

"काल पोरांना तळ्यावर फिरवून आणलं ना, तेव्हा परत येताना उतारावर पेडल एकदा असंच खाली गेलं होतं," ते म्हणाले. "पोरं मागेच होती. मी म्हटलं, माझाच पाय घसरला असेल."