ऐकलेलं तिथंच ठेवणारी

आमच्या संस्थेत तिला सगळे एक्स्चेंजताई म्हणायचे. बावीस वर्षं तिनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून माणसं माणसांना जोडून दिली होती. मग यंत्रं आली आणि तिच्यासारख्या चाळीसजणींना फुलं देऊन घरी पाठवलं गेलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी ती आमच्याकडे मदतीच्या फोनवर बसायला लागली. "तारा बदलल्या, खुर्ची तीच," असं म्हणायची.

संस्था म्हणजे एका सरकारी इमारतीच्या मागच्या अंगाला तीन खोल्या. पहिल्या खोलीत ताईचं टेबल आणि दोन फोन. मधल्या खोलीत मी, म्हणजे तारा आणि यंत्रं सांभाळणारा, आणि माझ्या पाठीशी फळ्यांवर मांडलेले मोडेम. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट यायचं ते दिवस. तिसऱ्या खोलीत संचालिका बसायच्या, त्या मूळच्या फोटोग्राफर. चित्रकार, व्हिडिओवाले, आवाजाशी खेळणारे, ज्यांना बाजारातल्या कंपन्या दारात उभं करत नव्हत्या अशांना आम्ही इंटरनेट द्यायचो आणि त्यांची कामं ठेवायला जागाही. नफा कमवायचाच नाही, हे घटनेतच लिहिलेलं. खोल्या सरकारच्या, थोडं अनुदान सरकारचं, बाकी हौस आमची.

कलावंतांना फोनवरून संगणक शिकवणं म्हणजे काय, ते ताईनंच सांगावं.

"बाई, माझं चित्र उलटं दिसतंय."

"मॉनिटर कसा ठेवलाय?"

"उलटा. तीच तर माझी कल्पना आहे."

"मग कल्पनेप्रमाणेच दिसतंय की!"

समोरच्यानं 'हॅलो' म्हणायच्या आत ती माणूस ओळखायची. कोण सर्दीनं बेजार आहे, कोण भांडून आलाय, कोणाचं काम फसलंय, सगळं त्या एका शब्दात तिला कळायचं. काहींच्या तोंडात तीळ भिजत नाही. ताईच्या तोंडात पोतंभर तीळ भिजून वाळले असते तरी कुणाला पत्ता लागला नसता.

मग सरकार बदललं. नवे सांस्कृतिक मंत्री कुठल्याशा उद्घाटनाला पाऊण तास बोलले. आठवड्याभरात आमच्या सामायिक पानावर कुणीतरी त्या भाषणाची ध्वनिफीत टाकली. त्यातले सगळे शब्द काढून टाकलेले. उरलं होतं ते फक्त खोकणं, घसा खाकरणं आणि पाण्याचे घोट. चार मिनिटं. वर शीर्षक: 'मंत्रिमहोदयांचं सांस्कृतिक धोरण, संपूर्ण'. त्या पानावर कुणीही सभासद नाव न घालता काम ठेवू शकायचा आणि कुणी काय ठेवलं याची नोंद आम्ही मुद्दाम करत नव्हतो. गावभर कचेऱ्यांमध्ये लोक दारं लावून ते खोकणं ऐकायला लागले.

आधी पत्र आलं: सभासदांची यादी पाठवा. संचालिकांनी नाही म्हणून कळवलं. मग अग्निशमनचा माणूस येऊन दारांची रुंदी मोजून गेला. मग विजेचा माणूस आला. मग एका वर्तमानपत्रात छापून आलं की इथं कलेच्या नावाखाली घाणेरडी चित्रं ठेवतात. फोनवर शिव्या यायला लागल्या, आणि त्या झेलायला कोण? ताईच. ती ऐकून घ्यायची, "अजून काही?" विचारायची आणि रिसीव्हर ठेवायची. पण जेवणाच्या सुटीत डबा न उघडता टेबलावर डोकं टेकून बसायला लागली होती. शेवटी नोटीस आली. खात्याची जुनी कागदपत्रं ठेवायला या खोल्या हव्या आहेत, दोन महिन्यांत रिकाम्या करा.

मंत्र्यांचा एक माणूस तोंडी सांगून गेला, "नाव द्या, नोटीस फायलीत पडून राहील."

"आमच्याकडे नाव नाही," संचालिका म्हणाल्या. त्यांच्यापुरतं ते खरंच होतं.

ताईला मात्र माहीत होतं. ती फीत पानावर येण्याच्या तीन दिवस आधी एका सभासदाचा फोन आला होता: आवाजाची फाईल जात नाही, मध्येच तुटते. फाईल कशी आहे ते दाखवायला त्यानं ती फोनवरच वाजवली. ताईनं दहाबारा सेकंद खोकणं ऐकलं आणि सांगितलं, "तीन तुकडे करा, जाईल." हे तिनं मला कितीतरी वर्षांनी सांगितलं, आणि तेव्हाही नाव सांगितलं नाहीच. एवढंच म्हणाली, की तो आमच्या सभासदांतला सगळ्यात उद्धट माणूस होता. त्यावरून काही कळायचं नाही, उद्धट आमच्याकडे डझनभर होते.

ताईचा धाकटा भाऊ सरकारी इमारतींच्या खात्यात कारकून. त्यांची आई त्याच्याकडे असायची. एका रविवारी दुपारी तो ताईच्या घरी आला आणि बूट न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"ताई, ती खोकण्याची फीत कोणी केली, तुला माहीत असणार."

"कशावरून?"

"लहानपणी मी दोन पायऱ्या चढलो की आतून ओरडायचीस, चप्पल हरवून आलाय म्हणून. तुझ्या कानातून काही सुटतं का?"

ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली.

"साहेबांना कुणीतरी सांगितलंय, माझी बहीण तिथं आहे म्हणून. रोज बोलावून घेतात. नाव आण म्हणतात, नाहीतर बदली. आईला घेऊन मी कुठं जाऊ? तिचे डॉक्टर इथं."

"आईला माझ्याकडे आण."

"म्हणजे माहीत आहे तुला."

ताईनं देठं गोळा करून बाजूला सारली. मग म्हणाली, "एक्स्चेंजमध्ये पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. ऐकलेलं हेडफोनबरोबर खुंटीला टांगायचं आणि मग घरी जायचं. तुझ्या लग्नाआधी तुझ्या सासऱ्यांनी तुझी चौकशी केली ना, तो फोनही मीच जोडला होता. बोलले कधी?"

"काय विचारलं त्यांनी?" भाऊ सगळं विसरून म्हणाला.

"बघ. नाहीच सांगणार."

दोघंही हसले. मग त्याचं हसणं मध्येच थांबलं. "तो माणूस तुझा कोण लागतो, ताई?"

"कुणी नाही. त्याचा फोन आला की माझं डोकं दुखतं."

"मग?"

"मग काय. दुखतं."

महिन्याभरात भावाची बदली झाली, बसनं आठ तास लागतात अशा ठिकाणी. आई ताईकडे आली.

इकडे एका विद्यापीठानं आम्हाला त्यांच्या यंत्रावर थोडी जागा दिली. पण प्रत्येक सभासदाला आपापल्या संगणकात पत्ते बदलावे लागणार होते, आणि ते समजावून कोण सांगणार? तीनशे बारा माणसं. ताईनं यादी घेतली आणि वरून सुरुवात केली. आम्ही कपाटं रिकामी करत होतो, मोडेम खोक्यांत भरत होतो, आणि ती त्या मोकळ्या होत चाललेल्या खोलीत बसून तेच ते सांगत होती: "डावीकडचं बटण दाबा. नाही, डावीकडचं. ज्या हातात घड्याळ घालता तो." तिचा आवाज बसला. शेवटचे पन्नासेक फोन तिनं घरून केले, आईला औषध देता देता.

त्यात तो उद्धटही होता. "तुम्ही घाबरट लोक," त्यानं सुनावलं, "मंत्र्यापुढं शेपूट घातलीत. एवढी हिंमत नव्हती तर संस्था काढलीत कशाला?"

"हो," ताई म्हणाली. "आता तिसऱ्या ओळीत नवा पत्ता लिहा. सावकाश सांगते."

त्यानं लिहिला. आभार मानले नाहीत.

संस्था टिकली, पण कशी, तर विद्यापीठाच्या एका कोपऱ्यातल्या टेबलापुरती. अनुदान गेलं ते गेलंच. संचालिका शिकवायला लागल्या, मी एका कंपनीत लागलो. मंत्री पुढं दुसऱ्या खात्यात गेले. आमच्या खोल्यांत कागदपत्रं आलीच नाहीत. कुलूप लागलं, ते तसंच राहिलं.

ताईची आई दुसऱ्या वर्षी गेली. भाऊ पोचेपर्यंत दुपार झाली होती, सगळं आटोपलं होतं.

"तुम्हाला कधी वाटलं का, सांगून टाकायला हवं होतं?" तिनं हे सगळं सांगितलं तेव्हा मी विचारलं.

"वाटायला अंगात बळ तर हवं," ती म्हणाली. "दमले होते रे. आईचं करायचं, फोन करायचे. आई शेवटी रोज विचारायची, धाकटा कधी येणार. तेव्हा वाटायचं. मग पुन्हा नाही वाटायचं."

तिसऱ्या वर्षी भावाची बदली परत इकडे झाली. पहिल्याच सुटीच्या दिवशी तो तिच्याकडे आला. काही बोलणार असा चेहरा करून खुर्चीत बसला आणि बसल्या बसल्या झोपला, तोंड उघडं टाकून. ताईनं पंखा लावला, खिडकी ओढून घेतली. शेजारीण साखर मागायला आली तर तिला खुणेनंच थांबवलं. तो उठला तेव्हा पाच वाजून गेले होते. त्यानं तोंड धुतलं, आणि दोघं दवाखान्यात राहिलेले आईचे कागद आणायला निघाले.