रद्दचं बटण

ऑफिसात मला 'रद्दवाले' म्हणतात. जुनं सामान घरून उचलून नेणाऱ्या कंपनीचं ॲप आम्ही चालवतो आणि त्यातलं 'रद्द करा' हे बटण म्हणजे माझ्या कर्तृत्वाचं शिखर. शिखर बुटकं आहे, पण पाहुण्यांना मी ते आवर्जून दाखवतो.

बाबा शिंपी. डोळे साथ देईनात, तेव्हा त्यांनी शिलाई मशीन देऊन टाकायचं ठरवलं आणि मोठ्या कौतुकाने माझ्याच ॲपवर मागणी नोंदवली. मागणी पाठवताना पडद्यावर फिरतं ते चक्र फिरत असतानाच त्यांचा जीव खालीवर झाला. त्यांनी 'रद्द करा' दाबलं. चक्र थांबलं, 'रद्द झाले' अशी अक्षरं उमटली. मशीन द्यायचंय एवढं मला माहीत होतं, रद्द केल्याचं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा आंघोळीला गेले आणि गाडीवाला दारात हजर. मी हौसेने मशीनची एक बाजू धरून ते गाडीत चढवूनही दिलं.

बाबा टॉवेल गुंडाळून बाहेर आले. "मशीन कुठंय?"

"दिलं की. तुम्हीच तर सांगितलं होतंत."

"अरे, मी रद्द केलं होतं ना!"

त्यांचा फोन बघितला. त्यावर खरंच 'रद्द झाले' असं होतं. आमच्या ॲपच्या भाषेत, जावास्क्रिप्टमध्ये, एकदा सुटलेलं प्रॉमिस, म्हणजे धाडून दिलेलं काम, आपण होऊन मागे फिरत नाही. माझं बटण फक्त उत्तर ऐकायचं बंद करत होतं. मागणी केव्हाच सर्व्हरवर पोचली होती. तिला अबॉर्टचा, म्हणजे वाटेतच थांबण्याचा, इशारा द्यायला हवा होता, शिवाय सर्व्हरलाही 'रद्द कर' असं कळवून त्याचा होकार येईपर्यंत थांबायला हवं होतं. हे मी नव्या मुलांना शिकवतो, तेही छाती काढून.

चपला न घालताच धावलो. गाडी कोपऱ्यावर कुणाचंतरी कपाट चढवत होती.

"रद्द झालंय हो ते मशीन!"

"माझ्या फोनवर तसं काही दिसत नाही."

"कसं दिसेल? ते बटण मीच लिहिलंय."

गाडीवाल्याने मला नखशिखान्त न्याहाळलं. "मग उतरवाही तुम्हीच."

उतरवलं. घरापर्यंत ओढत आणलं. शेजारच्या काकू गॅलरीतून बघत होत्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी बटण दुरुस्त करून उठलो. बाबा मशीनवर बसले होते, डोळे बारीक करून सुईत दोरा ओवत. लाज झाकायला मी उलट त्यांच्यावरच डाफरलो, "बाबा, रद्द झालं का, एवढं मला विचारायचं तरी!"

त्यांनी मान वर केली नाही.

"तू केलेलं बटण होतं रे. म्हणून नाही विचारलं."