गोटीच्या बाटलीतलं पाणी

लोहारा भागातल्या ठाण्यात मी नवा फौजदार होतो, तेव्हाचं हे प्रकरण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

भर उन्हाळ्यात एका बड्या शेतकऱ्याने फिर्याद दिली. मुलीच्या लग्नात गोटीसोडा प्यायल्यावर वऱ्हाडातली मंडळी जुलाब-उलट्यांनी आडवी झाली होती. उरलेल्या भरलेल्या बाटल्या त्याने सोबतच आणल्या. काचेवर गावातल्या सोडावाल्याचं नाव उठवलेलं होतं. तो साखरेऐवजी सॅकरीन घालतो, अशी खबरही आमच्या जमादाराला बाजारात मिळाली. आरोपी आणि पुरावा असे आयते मिळाले की इतरांना आनंद होतो, मला मात्र शंका येते.

सोडावाल्याला ठाण्यात आणलं. पन्नाशीचा, मोजकं बोलणारा माणूस. दरडावून पाहिलं, गोडीगुलाबीने विचारलं, जबाब बदलला नाही.

"नाव बाटलीवर हाय साहेब, पाण्यावर न्हाय. आमच्या धंद्यात रिकामी बाटली ज्याच्या हाती लागंल, तो भरतो. म्या बी दुसऱ्याच्या भरतो."

ही पद्धत तिकडे सर्रास होती, पण सबबी सगळेच आरोपी सांगतात. मी पंचांसमक्ष बाटल्या सील केल्या, त्याच्या विहिरीचं पाणीही घेतलं आणि सगळं सरकारी प्रयोगशाळेकडे पाठवलं. प्रत्येक बाटलीत साखर किती आणि क्षार किती, हे विचारलं. दरम्यान तो जामिनावर सुटला, पण त्याच्या दुकानाकडे कुणी फिरकेना.

अहवालात बाटल्यांचे सरळ दोन गट पडले. काहींत साखर भरपूर आणि क्षार त्याच्या विहिरीइतकेच. बाकीच्यांत साखर नाहीच, नुसतं सॅकरीन, आणि क्षार कित्येक पट. त्याच्या विहिरीचं पाणी गोडं होतं. हे मचूळ पाणी दुसरीकडचं होतं.

दोन्ही गटांतल्या बाटल्या एकाच मांडवातून आल्या होत्या, म्हणून मग मी फिर्यादीलाच बसवून घेतलं. बड्या माणसाला बोलतं करायचं तर आधी त्याची अब्रू सांभाळावी लागते, म्हणून खोलीतून सगळ्यांना बाहेर काढलं. बराच वेळ मिशा चाचपून तो म्हणाला, "वऱ्हाड लई आलं, सोडा सरला. रिकाम्या बाटल्या धाडून दुसऱ्याकडनं स्वस्तात भरून आणल्या. व्याह्यांपुढं कसं सांगू?"

इज्जतीपायी दुसऱ्याला तुरुंगात धाडायला निघालेला हा माणूस पाहून मला किळस आली. मचूळ पाणी भरणाऱ्यावर खटला झाला, फिर्यादीवरही खोट्या फिर्यादीची कारवाई झाली.

आरोपपत्रातून त्याचं नाव वगळल्याचं सांगायला मी सोडावाल्याकडे गेलो. त्याने हातही जोडले नाहीत.

"कागद कोण वाचतंय साहेब? बाजारादिवशी या, अन् समद्यांसमोर माझा सोडा प्या."

आरोपपत्रातून नाव गेलं की माणूस सुटला, असं आम्ही पोलीस धरून चालतो. गावाचा संशय तेवढ्याने जात नाही, हे मला त्याने शिकवलं.

बाजारादिवशी मी गणवेशात गेलो. गोड सोडा मला मुळीच आवडत नाही. त्याच्या दुकानासमोर उभा राहून मी दोन बाटल्या प्यालो, आणि दुसरी अगदी सावकाश.