खिशातली लाल पट्टी

मी खाप्याचा. कन्हान नदीच्या पुराहून मोठं पाणी कधी बघितलेलं नव्हतं. आयटीआय करून समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर टेक्निशियन म्हणून लागलो आणि पहिल्यांदा हेलिकॉप्टरमधून खाली बघितलं, तेव्हा श्वास घ्यायचा राहिला. जिकडेतिकडे पाणीच पाणी. मधे लोखंडी पायांवर उभं असलेलं एक गाव, आणि बाजूला भर उन्हातही डोळे दिपवणारी गॅसची ज्योत. एवढं माणसांनी बांधलं, आणि त्यातला एक पाना माझ्या हातात!

चौदा दिवस काम, चौदा दिवस घर. मी निघालो की माझ्या जागी येणारा जोडीदार रत्नागिरीकडचा. दोघांचा पलंग एक, कपाट एक. भेट मात्र हेलिपॅडवर, पाच मिनिटं. तेवढ्यात चार्ज द्यायचा.

एकदा दाब मोजायचं गेज बदलायला आग विझवायच्या पाण्याचा व्हॉल्व्ह मी बंद केला. बंद व्हॉल्व्हवर आपलं नाव लिहून लाल पट्टी बांधायची, हा तिथला नियम. पट्टी लिहिली, खिशात ठेवली, तेवढ्यात हेलिकॉप्टर लवकर आल्याची हाक आली. धावलो. जोडीदाराला सांगायचंही राहिलं.

घरी बायको पँट भिजवायला घेऊन बसली होती. खिशातली लाल पट्टी तिनं वर धरली. "हे काय जी? तिकडे बिल्ला भेटला का तुमाले?"

मी पट्टी तिच्या हातातून घेतली. "काही नाही वं. कामाचं आहे."

चारी बाजूंनी समुद्र, आणि आग लागली तर नळीत पाणी नाही. तार ऑफिसात गेलो. फॉर्म लिहिला. तार आधी साहेबाच्या हाती पडेल, नोकरी जाईल, असं वाटलं. फॉर्म फाडला. मग रोज सकाळी पेपर उघडून आगीची बातमी शोधायची आणि मगच जेवायला बसायचं.

परत गेलो तर हेलिपॅडवर पंख्याच्या घरघरीत जोडीदार ओरडला, "अरे, तुझा व्हॉल्व्ह बंद होता! मी चार्ज घेताना हात लावून बघतो म्हणून सापडला. पट्टी कुठंय?"

"बांधली होती. वाऱ्यानं गेली असेल."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "असेल. वारा मेला आहेच तसा." आणि वाकून हेलिकॉप्टरात चढला.

पुढच्या पाळीला गेलो तर माझ्या हातची प्रत्येक पट्टी त्यानं बाइंडिंग वायरचे दुहेरी पीळ देऊन पुन्हा बांधलेली. मग दर पाळीला तेच. बोलला कधीच नाही. कितीतरी वर्षं ते पीळ बघून मी थक्क व्हायचो आणि मान खाली घालायचो.

आता दोघंही निवृत्त झालो. परवा बायकोला सगळं सांगितलं.

"इतके वर्षं काहून नाही बोलले जी?"

मी उठून ट्रंक उघडली. पट्टी तिथंच होती. शाई फिकी झाली आहे, माझं नाव वाचता येतं. आज ती पाकिटात घालून त्याच्या गावच्या पत्त्यावर टाकतो आहे. सोबत चिठ्ठी, एका ओळीची: ही वाऱ्यानं गेली नव्हती.