सरांच्या चौकटी

ड्रॉईंगचे सर आमचं चित्र आधी समोरून पाहतच नसत. कागद खिडकीपाशी नेऊन डोळ्यांसमोर तिरपा धरायचे आणि खोडलेल्या रेघांचे चर शोधायचे. “रबर शिसं पुसते पोरी, दाब नाही पुसत,” म्हणायचे. “कागद काही इसरत नाही.”

लाखांदूरच्या आमच्या शाळेत चित्राचा कोळसाही ते घरीच करून आणत. तुरीच्या काड्या डब्यात बंद करून चुलीत ठेवायच्या. त्यांना एकाच गोष्टीची चीड होती: फोटोवर चौकटी आखायच्या, तेवढ्याच कागदावर आखायच्या आणि एकेक घर उतरवत जायचं. “चौकटीत हुबेहूब येते, माणूस येत नाही.” वर्गात त्यांच्या वडिलांचं पेन्सिलचित्र टांगलेलं होतं. “बुढ्याले तीन तास समोर बसवलं, तवा हे झालं,” असं सांगताना त्यांचा आवाज हळू होई.

दहावीत मी आजीचं चित्र चौकटींवरून काढलं. सरांनी कागद तिरपा धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “काहून काढलं असं? तुयाजवळ हात आहे, पाहाचा डोया नाही.” पोरं हसली. नागपूरच्या चित्रकलेच्या कॉलेजचा अर्ज मी आणून ठेवला होता. तो भरला नाही. पुढे भंडाऱ्याला ग्रंथपाल झाले. सरांचा राग कधी आला नाही. खरं बोलणारा माणूस म्हणून दर दिवाळीला भेटायला जात राहिले.

गेल्या महिन्यात सर गेले. मी घरी पोहोचले तेव्हा सरांच्या पत्नी, काकू, त्यांच्या वडिलांचं वर्गातून घरी आलेलं तेच चित्र फ्रेममधून काढून पुसत होत्या. सवयीनं मी ते खिडकीपाशी तिरपं धरलं. कपाळावर, मिशीवर, कोटावर सरळ चर होते, उभे आणि आडवे.

“काकू, चौकटी?”

“मंग? मामाजी कुठचे बसतात तीन तास!” सासऱ्यांची आठवण काढत काकू रडता रडता हसल्या. “फोटोवरूनच काढलं. आखून मीच देत होती. ह्यायची रेघ वाकडी जाये.”

न भरलेला तो अर्ज मला आठवला.

“तेरवीले ह्यायचं चित्र तूच काढ,” म्हणत काकूंनी फोटो दिला आणि आखायची जुनी लाकडी पट्टीही.

मी काढलं. चौकटी आखून, एकेक घर. संपल्यावर काकूंनी रबर पुढे केलं. मी घेतलं नाही. तेरवीला सरांचे जुने विद्यार्थी त्या चित्राला वाकून नमस्कार करत होते. कपाळावरून गेलेल्या रेघा दिसायला कागद तिरपा धरावा लागत नव्हता.

चेहरा हुबेहूब आला होता. माणूस आला का, हे सांगायला सर नव्हते.