धसकटांनी न फाटणारे टायर

कय्यूमभाईसारखं गिऱ्हाईक देवाने कुठल्याच टायरवाल्याला देऊ नये. धामणगाव बढ्याहून बसने यायचा, मोताळ्याच्या रस्त्यावर माझ्या दुकानात बसकण मारायचा आणि एकेका टायरमध्ये कोपरापर्यंत हात घालून आतून चाचपत राहायचा. बाजू अंगठ्याने दाबायचा, खाचांत काडी घालून खोली बघायचा, रबराचा वासही घ्यायचा. असे आठ दिवस. नवव्या दिवशी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "कय्यूमभाई, टायर घेऊन राह्यले का पोरगी पाहून राह्यले?"

"हसा, दयारामभाऊ," तो म्हणाला. "पोरगी पाह्यले गेलतो तवा बी एवढं पाह्यलं नव्हतं. बानोले इचारा."

ही दोन हजार सतराच्या दसऱ्याअगोदरची गोष्ट. अकरा वर्षं दुसऱ्यांचे ट्रक चालवून कय्यूमभाईने एक जुनी पिकअप घेतली होती. त्याचा धंदा साधा होता. बाकीच्यांच्या गाड्या पांदणीच्या तोंडाशी थांबत, याची थेट वावरात शिरे आणि कापूस भरून गावात आणे. मधे नुकत्याच सोंगलेल्या सोयाबीनचं रान असे. त्याची तिरपी कापलेली धसकटं टायरच्या तळाला काही करत नाहीत, बाजू फाडतात. आमच्याकडे टायर धसकटांवर पारखतात, रस्त्यावर नाही.

मी त्याला रेडियल दाखवले. डांबरावर लोण्यासारखे चालतात, डिझेल कमी खातात, सगळं सांगितलं.

"डांबरावर कोनाची बी गाडी चालते," तो म्हणाला. "मले काऊन बोलावतात लोक? वावरात जातो म्हनून."

शेवटी त्याने जाड बाजूचे, खोल खाचांचे चार नायलॉन टायर घेतले. पैसे दिले ते गाडीच्या पासिंगसाठी आणि विम्यासाठी ठेवलेले. मी एकदा म्हटलं, अगोदर पासिंग करा. तो म्हणाला, "गाडी गावाबाहेर जाते कुठी? कापसाचे दोन वेचे झाले का पासिंग बी होते अन् विमा बी." मी दुसऱ्यांदा काही बोललो नाही. मलाही माल खपवायचा होता, खोटं कशाला सांगू?

त्याचा हिशेब त्याच्याच गावातल्या रंगरावांच्या वावरावर होता. छातीएवढी कापसाची पऱ्हाटी, हिरव्यागार बोंडांनी वाकलेली. सगळ्यांनी ती धुऱ्या-बांधावरून पाहिली होती. बोंड फोडून मात्र कोणी पाहिलं नव्हतं, कारण सीतादही होईपर्यंत कच्चं बोंड फोडायचं नाही असा रंगरावांच्या बायकोचा, अन्नपूर्णाबाईंचा दंडक होता. पहिल्या वेच्याआधी पऱ्हाटीखाली पाच खडे मांडून दहीभात ठेवायचा, मगच हात लावायचा. आणि बीटी बियाण्याच्या कापसाला अळी लागत नाही हे आम्ही इतकी वर्षं ऐकत आलो होतो, की फोडून पाहायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

सीतादहीच्या दिवशी मीही गेलो. म्हटलं, आपले टायर कसे जातात बघू. पिकअप धसकटांतून सरळ आत शिरली. कय्यूमभाईने खाली उतरून चारही टायर चाचपले. साधा ओरखडा नव्हता. माझ्याकडे बघून हसला तो असा, की मला माझ्याच दुकानाचा अभिमान वाटला.

अन्नपूर्णाबाईंनी पूजा केली, गाडीच्या पुढच्या चाकाला कुंकू लावलं, कय्यूमभाईच्या हातात दहीभाताचा द्रोण दिला आणि पहिलं बोंड तोडलं. ते नीट उमललंच नाही. त्यांनी दाबून फोडलं. आत पिवळट, चिकटलेली सरकी आणि तिच्यात एक बारीक गुलाबी अळी. दुसरं फोडलं, तेच. रंगराव झाडाझाडाशी धावत बोंडं तोडू लागले. मजुरीला आलेली जनकाबाई म्हणाली, "नका हो मालक, कच्ची हायेत." तेव्हा अन्नपूर्णाबाईच म्हणाल्या, "फोडू दे त्याइले. आता काय राह्यलं?"

कय्यूमभाई द्रोण हातात धरून उभा होता. आठ दिवस टायरमध्ये कोपरापर्यंत हात घालणाऱ्या या माणसाने एक बोंड दाबून पाहिलं नव्हतं.

त्या हंगामात त्याची गाडी एकदाच भरली, तीही अर्धी. सगळ्या शिवारात तेच. लोकांनी उभ्या पऱ्हाटीत ढोरं सोडली. बुलढाण्याला भाजी न्यायचं काम मिळत होतं, पण पासिंग नाही, विमा नाही. घाटाच्या अलीकडे एकदा आरटीओवाल्यांनी अडवलं, तेव्हापासून गाडी दारात उभी राहिली. त्याची बायको बानो लोकांच्या तुरी सोंगायला जाऊ लागली. कय्यूमभाई रोज सकाळी गाडी चालू करून ठेवायचा, मग बंद करायचा. मी एकदा घरी गेलो तर बानोने मला पाणी दिलं आणि एवढंच विचारलं, "भाऊ, तुमी तं जाणकार होते. तुमी काऊन नाही अडवलं त्याइले?"

फेब्रुवारीत त्याने गाडी विकली आणि माझ्याकडे कामाला आला. मी ठेवून घेतलं. उपकार वगैरे नव्हते, मला बानोचा प्रश्न झोपू देत नव्हता.

चौथ्याच दिवशी ती पिकअप दुकानासमोर येऊन थांबली. नवा मालक चंद्रशेखर, बुलढाण्यात पाण्याचे जार पोचवणारा. म्हणाला, "हे टायर डांबरावर लय आवाज करतात. काढा अन् रेडियल टाका."

मी म्हटलं, मी काढतो. कय्यूमभाईने माझ्या हातातून पाना घेतला. चारही चाकं त्याने स्वतः उतरवली, रिमवरून टायर सोडवले. टायरांच्या कडेला कारखान्यातले रबरी केस अजून तसेच होते. प्रत्येकात त्याने कोपरापर्यंत हात घातला, आतून सगळीकडे फिरवला.

"एक बी काटा नाही, दयारामभाऊ," तो म्हणाला. "टायर बरोबर निवडला होता ना मी?"

"हाव," मी म्हटलं.

त्याने चारही टायर पुसले आणि जिथून निवडले होते त्याच रांगेत नेऊन उभे केले.