दादाच्या गाडीचा खुराक

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. घरात गाड्यांचा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो. तरी लोक गाठायचे. "तुमी कंपनीत होतात ना? मग खरं सांगा, ह्या पळणाऱ्या गाड्यांच्या सर्व्हिसिंगला शोरूमवाले लुटतात का?" मी हसून म्हणायचो, "जशी गाडी, तसा खर्च." हे उत्तर निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं आज लिहितो.

पण आधी खरं निम्मं, कारण त्याचा मला अजून अभिमान आहे. ठाण्याजवळ हमरस्त्यालगतच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये मी हेल्पर म्हणून लागलो आणि सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणून निवृत्त झालो. किन्हवलीजवळच्या आमच्या गावातून कंपनीचा इस्त्री केलेला शर्ट घालून सकाळी निघणारा मी पहिलाच. टर्बो इंजिनाच्या ताकदवान गाड्या माझ्याकडेच यायच्या. असं इंजिन फार तापतं, त्याला साधं ऑइल चालत नाही. जे लागतं ते महागच असतं. वेगात पळणाऱ्या गाडीचे ब्रेकही लवकर झिजतात. त्यात कुणी काटकसर सुचवली तर मी गिऱ्हाइकाशी भांडलेलो आहे. माझ्या हाताखालून गेलेली गाडी घाटात कधी उभी राहिली नाही, हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो.

दादा माझा मामेभाऊ, माझ्यापेक्षा मोठा. शर्यतीचे बैल पाळणारा. मुरबाडच्या बाजूला छकड्यांची शर्यत असली की त्याची जोडी मैदानात उतरणारच. महामार्गात त्याची जमीन गेली तेव्हा मिळालेल्या मोबदल्यातून त्याने शेजारच्या गावात दुसरी जमीन घेतली, घराला स्लॅब टाकला आणि उरलेल्यातून गाडी घेतली. तीही साधी नाही. आमच्या शोरूममध्ये तो मला एवढंच म्हणाला, "पळणारी दे. रडतखडत चालणारी आपल्या दारात शोभायची नाय." नवी गाडी त्याने देवळात नेली आणि तिथून थेट गोठ्यासमोर. बैलांना दाखवायला.

सर्व्हिसिंगला तो स्वतः यायचा. आमच्याकडे नात्यातल्या माणसाने हातात दिलेलं बिल वाचत नाहीत. वाचलं तर त्याच्यावर संशय घेतल्यासारखं होतं. दादा बिलाची घडी करून सदऱ्याच्या खिशात टाकायचा, पैसे द्यायचा आणि माझ्याबरोबर चहा प्यायचा. मला ते फार भारी वाटायचं. मोठी माणसं बिलावर बोट ठेवून प्रश्न विचारायची आणि माझा भाऊ मात्र नुसत्या माझ्या तोंडाकडे बघून पैसे मोजायचा.

वर्कशॉपमध्ये महिन्याला टार्गेट असायचं. इंजिन आतून धुवायचं औषध, पेट्रोलमध्ये टाकायची बाटली, अशा जोडकामांवर ते ठरायचं. ज्याची जोडकामं जास्त त्याचा फोटो भिंतीवर लागायचा. तो फोटो बरेच महिने माझाच होता. एका महिनाअखेरीला मी मागे पडलो होतो आणि नेमका दादा आला. त्याची गाडी ठणठणीत होती, ऑइल वेळच्या वेळी बदललेलं होतं, त्या बाटल्यांची काहीच गरज नव्हती. तरी माझ्या तोंडून निघालं, "दादा, आता गाडीला खुराक सुरू करायचा का?"

त्याचा चेहरा असा फुलला की मी आजवर विसरलेलो नाही.

"आरं, इचारतोस काय? बैलांना मी कदी मोजून उडीद घातलेत का? दूध, अंडी, कनीक, काय कमी केलं? घाल काय घालायचं ते!"

त्या दिवसापासून दर सर्व्हिसिंगला खुराक. शर्यतीच्या मैदानावर दादा सांगत सुटला, "माज्या गाडीचा खुराक येगळा हाय. माजा भाऊ सोता बघतो." लोक माझ्याकडे वळून बघायचे. मी शर्टाची कॉलर नीट करायचो.

मग तो दिवाळीचा पाडवा आला. आमच्याकडे त्या दिवशी बैल सजवतात, ओवाळतात आणि पेंढ्याच्या जाळावरून उडवतात. दादाने गाडीलाही झेंडूची माळ घालून बैलांशेजारी उभी केली होती. ओटीवर बसलेल्यांपैकी एकजण ओरडला, "काय दादा, गाडीला पन जाळावरनं उडवतोस काय?"

"उडंल रे! तुज्या रिक्षासारखी खोकत नाय ती!"

सगळे हसले. तेवढ्यात दादाचा मुलगा पुढे आला. पंचविशीचा, वाशिंदच्या गोदामात कामाला. शहापूरच्या एका गॅरेजमध्ये तो चौकशी करून आला होता.

"काका, राग मानू नका," तो म्हणाला. "ऑइल महाग, ते समजलं. पन त्या दोन बाटल्या दर वेळी लागतातच का? शहापूरचा मेकॅनिक नाय म्हनतो."

सगळे माझ्याकडे बघत होते आणि दादा सगळ्यांत जास्त विश्वासाने. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "अशा गाडीला लागतात, बाळा. साध्या गॅरेजवाल्याला ते नाय कळायचं."

"ऐकलंस?" दादा मुलावर कडाडला. "चार लोकांत काकाला चोर ठरवतोस? पाया पड त्याच्या. माफी माग!"

मुलगा खाली वाकला, म्हणाला, "चुकलं काका." आणि मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. वर म्हणालोही, "असू दे दादा, तरणं रक्त आहे." मोठ्या मनाचा माणूस म्हणून ओटीवर माझं कौतुक झालं.

त्यानंतर दादाने मुलाला गाडीची चावी दिली नाही. "ज्याला मानसाची पारख नाय, त्याला गाडी काय कळनार," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. मुलगा ऐकून घ्यायचा आणि कामाला निघून जायचा. मी निवृत्त झालो तेव्हा मला वाटलं, आता दादाला सांगून टाकू. गेलोही. पण तो शेजाऱ्याला सांगत होता, "ह्याच्या हातामुळं गाडी अजून नवी हाय." मी चहा पिऊन परत आलो. पुढे दादा गेला. मुलाबद्दलचं त्याचं मत शेवटपर्यंत तेच राहिलं.

यंदाच्या पाडव्याला मुलगा गाडी घेऊन माझ्या दारात आला. बॉनेटवर झेंडूची माळ होती, वडील घालायचे तशीच. गाडी आता तो शहापूरला दाखवतो. योग्य तेच ऑइल घालतो, ब्रेक वेळेवर बदलतो, बाटल्या नाहीत. "काका, जरा आवाज ऐका ना," म्हणून त्याने माळ सावरत बॉनेट उघडलं आणि इंजिन चालू केलं. ते अगदी पहिल्या दिवसासारखं बोलत होतं. पोराचा मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू.

"छान ठेवलीस," मी म्हणालो.

तो खाली बघत म्हणाला, "बाबांना तुमचा लई अभिमान होता. मी त्या दिवशी चार लोकांत बोलायला नको होतं, काका."

दुसऱ्यांदा तोच माझी माफी मागत होता. माझा हात सवयीने त्याच्या डोक्याकडे गेला, पण या वेळी तो अर्ध्यावर थांबला. त्याने बॉनेट लावलं, हॉर्न दिला आणि गाडी सरळगावच्या रस्त्याला लागली. ती दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभा होतो. जे बोलायचं होतं ते तोंडापर्यंत आलं होतं: बाळा, तू बरोबर होतास. त्या बाटल्या कधीच लागत नव्हत्या, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं. तुझ्या वडिलांसमोर मी खोटं बोललो. मला माफ कर.